अळ्यांच्या वाट्याचं पाकीट

औषध लागू पडत होतं, म्हणून ते बंद करण्यात आलं.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मीसुद्धा ते दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा मला वाटलं, यंत्र बिघडलं. लागू पडत नाही म्हणून औषध बंद केलं, तर ते कुणालाही समजेल. पण लागू पडतंय म्हणून बंद? असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आमच्या गावातलं कुणी दुसऱ्यांदा गेलं नसतं.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. माझं नाव स्पृहा ढोले. आमचं गाव बोरखडी, यवतमाळपासून पाऊण तासावर. घरात मी, आई आणि आबाजी. आबाजी म्हणजे माझे आजोबा. बाबा अरबी समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर असायचे आणि वर्षातून दोनदा घरी यायचे. आई गावातली सगळ्यात नावाजलेली ड्रोनचालक. पेरणी असो की फवारणी, लोक तिचा नंबर लागेपर्यंत थांबायचे. त्यामुळे मी लहानाची मोठी झाले ती आबाजींच्याच मागे मागे फिरून. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि ते निवतं फक्त आबाजींपाशी.

त्या आबाजींना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कॅन्सर निघाला. प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिचा). तो हाडांपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे कापून काढून टाकायची सोय राहिली नव्हती. पहिला महिना तालुक्याच्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या चालल्या. मग नागपूरच्या एका संशोधन केंद्रानं आबाजींना आपल्या अभ्यासात घेतलं आणि आमच्या घरी एक यंत्रमानव पाठवला.

यंत्रमानव म्हटल्यावर मी हातपाय असलेलं काहीतरी येईल म्हणून फाटकात उभी होते. आला तो आईच्या तीन पुडाच्या डब्याएवढा एक पांढरा ठोकळा. त्याला समोर एक डोळा आणि खाली बोट घालायला खोबण. आबाजींनी त्याचं नाव ठेवलं कंपाउंडर (पूर्वी दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून देणाऱ्या माणसाला असं म्हणत). कंपाउंडर रोज सकाळी एक गोळी बाहेर टाकायचा. दर सोमवारी सात वाजता तो म्हणायचा, "आजोबा, बोट द्या," आणि थेंबभर रक्त घेऊन आकडा सांगायचा. प्रोस्टेटमधून एक प्रथिन (शरीरातली कामं करणारा एक पदार्थ) रक्तात उतरतं, त्याचं ते प्रमाण. आबाजींच्या बाबतीत हिशेब सोपा होता. कॅन्सर वाढला की आकडा वाढणार, आटला की उतरणार.

उपचार सुरू झाले तेव्हा आकडा होता सेहेचाळीस. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दर सोमवारी आकडा लिहायचे. चाळीस. पस्तीस. एकोणतीस. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तेवीस आला. बरोबर निम्मा. मी उड्या मारत आईला सांगायला निघाले, तेवढ्यात कंपाउंडर म्हणाला, "अभिनंदन. औषध लागू पडत आहे. आजपासून गोळी बंद."

आईनं नागपूरला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की यंत्र ठीक आहे. अभ्यासाचा नियमच तसा आहे. आकडा निम्म्यावर आला की औषध थांबवायचं आणि पुन्हा सेहेचाळीसवर गेला की सुरू करायचं. आईला हे पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं आणि तिनं सहीही केली होती. पण सही करताना माणूस काय ऐकतो? तिनं फक्त "नवीन पद्धत" एवढंच ऐकलं होतं.

मला काहीच कळेना. समजा घरात साप निघाला. तो अर्धा बिळाबाहेर ओढून काढला आणि मग आपण हात झटकून चहा प्यायला बसलो, तर लोक आपल्याला काय म्हणतील? त्या रागात मी कंपाउंडरला पुष्कळ बोलले. माणसं चंद्रावर जाऊन वांगी पिकवताहेत आणि इथे एका अक्रोडाएवढ्या ग्रंथीचं काही करता येत नाही. शंभर वर्षं झाली, नुसती संशोधनंच चालली आहेत. कंपाउंडरनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही तक्रार नोंदवू का?" मी म्हटलं, नोंदव.

आणि मग मला कपाटातल्या दोन स्ट्रिप आठवल्या.

तालुक्याच्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांपैकी वीस शिल्लक राहिल्या होत्या. औषध तेच, गोळीही तीच, पांढरी आणि लांबट. दुसऱ्या दिवसापासून आई शेतावर गेली की मी आबाजींच्या चहाच्या बशीत एक गोळी ठेवू लागले. शाळेतून मिळालेली शक्तीची गोळी आहे, असं मी त्यांना सांगितलं. आबाजींनी एकदा गोळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि घेऊन टाकली. वीस दिवस हे असंच चाललं.

आकडा उतरत गेला. सतरा. बारा. नऊ.

आईनं गावात पेढे वाटले. मी कॅलेंडरवर नऊचा आकडा लाल पेननं लिहिला. मनातल्या मनात मी नागपूरच्या सगळ्या शास्त्रज्ञांना हरवलं होतं. फक्त कंपाउंडरचं समाधान झालं नव्हतं. त्यानं एकाच सकाळी आबाजींचं तीनदा रक्त घेतलं आणि शेवटी म्हणाला, "औषध बंद असताना आकडा वाढायला हवा. हे मला समजत नाही. मी नागपूरला कळवलं आहे."

चार दिवसांनी डॉ. हेमांगी रंगारी स्वतःच आल्या. या अभ्यासाच्या प्रमुख त्याच होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, पायात साध्या चपला. त्यांनी आल्या आल्या पाणी मागितलं आणि आबाजींच्या बाजेवरच बसल्या. त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्यांनी आबाजींना खाण्यापिण्यापासून झोपेपर्यंत सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. मग आईला म्हणाल्या की अशी गोष्ट त्यांनी बावीस वर्षांत बघितली नाही. कदाचित आबाजींचं शरीर स्वतःच कॅन्सरशी लढायला शिकलं असेल. तसं असेल तर अभ्यासातल्या आणखी चाळीस माणसांची औषधं, आकडा निम्म्यावर यायची वाट न बघता, आताच थांबवून बघायचा त्यांचा विचार होता. कुणाचा आकडा चाळीसवर होता, कुणाचा पस्तीसवर. पुढच्या सोमवारपासून सुरुवात करायची होती.

मी दारात उभी होते. त्या चाळीस घरांतही कुणीतरी कॅलेंडरच्या मागे आकडे लिहीत असणार. माझ्या एका थापेवर विश्वास ठेवून त्यांच्या गोळ्या बंद होणार होत्या.

गप्प राहावं असं मला वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगली दोन-तीन मिनिटं वाटलं. मग मी आत गेले, दोन्ही रिकाम्या स्ट्रिप दप्तरातून काढल्या आणि डॉक्टरांच्या हातात दिल्या.

"मी दिल्या," मी म्हटलं. "आबाजींना माहीत नव्हतं."

"मले ठाऊक होतं," आबाजी बाजेवरून म्हणाले. "तीन महिने रोज खाल्लेली गोळी मले वळखू येनार नाई काय? म्या म्हनलं, पोरगी देऊन रायली तं घ्याव. मलेबी झिरोच पायजे होता."

आईनं कपाळाला हात लावला. डॉ. रंगारींच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला, ते मला अजून आठवतं. बावीस वर्षांत न दिसलेली गोष्ट हातात आली आणि पाण्याच्या पेल्याबरोबर संपून गेली. त्यांनी लगेच नागपूरला फोन केला आणि चाळीस जणांची औषधं चालूच ठेवायला सांगितली. मग त्या माझ्याकडे वळल्या. आता ओरडा बसणार म्हणून मीच आधी ओरडले.

"मग काय करायचं आम्ही? तुम्ही औषध बंद करता, कारण सांगत नाही. इतकी वर्षं करताय तरी काय तुम्ही लोक?"

आई मला बाहेर ओढायला उठली, पण डॉक्टरांनी तिला हातानं थांबवलं. त्या म्हणाल्या की त्यांनाही कधीकधी नेमका असाच राग येतो. त्यांच्या गुरूंनी अकरा वर्षं खपून एक औषध तयार केलं होतं. ते रुग्णांवर चौदा महिने सुरेख चाललं आणि मग चालेनासं झालं. सगळंच तसं नाही म्हणा, त्या पुढे म्हणाल्या. लहान मुलांमधला रक्ताचा एक कर्करोग आता बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. लवकर सापडलेल्या कितीतरी गाठी काढून टाकता येतात. पण जो शरीरभर पसरतो, तो औषधाला दाद देतो, देतो आणि एक दिवस देत नाही. असं का होतं, हे मला माझ्या हातानं बघायचं आहे का, असं त्यांनी विचारलं.

त्यांनी आईकडून अंड्यांचा रिकामा ट्रे मागून घेतला, तीस खळग्यांचा. शिवाय वाटीभर चवळी आणि चिमूटभर उडीद. हा खेळ तुम्हीही घरी करू शकता, म्हणून नीट सांगते.

ट्रे म्हणजे शरीरातली जागा. एका खळग्यात एकच दाणा बसतो. चवळी म्हणजे औषधानं मरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी (शरीर ज्या अगदी बारीक बारीक घटकांचं बनलेलं असतं ते). काळे उडीद म्हणजे औषधानं न मरणाऱ्या, प्रतिरोधक (औषधाला न जुमानणाऱ्या) पेशी. डॉक्टरांनी अठ्ठावीस खळग्यांत चवळी ठेवली आणि दोन खळग्यांत उडीद.

"हे उडीद औषधामुळे आले का?" मी विचारलं.

नाही, त्या म्हणाल्या, ते आधीपासूनच असतात. पेशी दुभंगताना स्वतःची नक्कल करते आणि नकलेत चुका होतात. कोट्यवधी नकलांमध्ये एखादी चूक अशी निघते की ती औषधापासून वाचवते. मात्र वाचण्यासाठी त्या पेशीला आत शिरलेलं औषध सारखं बाहेर उपसावं लागतं. विहिरीवरची मोटार दिवसरात्र चालू ठेवावी तसं. त्यात तिची ताकद जाते, म्हणून ती वाढते हळू. खेळाचे नियम त्यावरूनच ठरले. चवळी प्रत्येक फेरीत दुप्पट होणार, उडीद एक फेरी सोडून दुप्पट होणार, आणि जागा आधी चवळी घेणार, मग उडीद. रिकामा खळगा नसेल तर कुणीच वाढणार नाही.

"आता तुझ्या पद्धतीनं खेळ," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना मार."

मी मोठ्या आनंदानं अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चवळ्या उचलल्या. ट्रेमध्ये उरले दोन उडीद. ट्रे इतका रिकामा दिसत होता की मला जिंकल्यासारखं वाटलं. मग फेऱ्या सुरू झाल्या. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. आठव्या फेरीत ट्रे काळाभोर झाला. "आता दे औषध," डॉक्टर म्हणाल्या. मी ट्रेवरून हात फिरवला. उचलायला एकही चवळी नव्हती.

"आता कंपाउंडरच्या पद्धतीनं."

पुन्हा अठ्ठावीस आणि दोन. या वेळी मी चौदाच चवळ्या उचलल्या आणि थांबले. पुढच्या फेरीत उरलेल्या चौदांच्या अठ्ठावीस झाल्या आणि ट्रे भरला. उडदांची दुप्पट व्हायची पाळी येईपर्यंत रिकामा खळगाच उरला नव्हता. पुन्हा चौदा उचलल्या, पुन्हा ट्रे भरला. मी दहा वेळा केलं. कंपाउंडर मोजत होता. दहाव्या वेळीही उडीद दोनच होते.

डॉक्टरांनी लगेच माझे पाय जमिनीवर आणले. खरं शरीर इतकं शिस्तीचं नसतं, काळे दाणे अधूनमधून एखादी जागा पटकावतातच, असं त्या म्हणाल्या. ही पद्धत प्रत्येक कर्करोगाला चालेल की नाही, हेही अजून नक्की माहीत नाही. कुणाला चालेल आणि कुणाला नाही, हे शोधण्यासाठीच हा अभ्यास आहे.

मला समजत होतं आणि समजतही नव्हतं. हाताला कळलं होतं, पण डोकं ऐकत नव्हतं. ज्या चवळीनं आबाजींची हाडं पोखरली, तीच आता त्यांना वाचवणार? शत्रूला आपण पोसायचं? मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर दुसऱ्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करू लागल्या, पण तेवढ्यात आबाजी म्हणाले, "हे तं पाकीट हाय."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघू लागलो.

आबाजींनी ट्रे मांडीवर ओढून घेतला. ते तिशीत होते तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. तेव्हा इथे सगळीकडे बीटी कापूस होता (ज्याच्या पानाबोंडातच अळीला मारणारं विष तयार होतं असा). बियाण्याच्या पिशवीबरोबर एक लहान पाकीट यायचं. त्यात साध्या कापसाचं बी असायचं, बिनविषाचं. हे शेताच्या कडेनं, धुऱ्यावर पेरा, असं सांगायचे. म्हणजे अळ्यांना खायला थोडा कापूस राहील.

"आमी हसो," आबाजी म्हणाले. "अळीसाठी कोन पेरते बाप्पा? म्या थे पाकीट गोठ्यामांगं फेकून देत जावो. समद्या गावानं फेकलं. पयले काही वर्स एक अळी दिसे ना. मंग एका सालात बोंड फोडलं तं आत गुलाबी अळी. इष खाऊन जित्ती. कापूस कवडी कवडी झाला. तवापासून म्या कापूस लावला नाई."

आबाजींनी कापूस का सोडला हे मी त्यांना कितीदा विचारलं होतं. दर वेळी ते "जमीन थकली" म्हणायचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पाकिटांबद्दल त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मला एकदम लख्ख दिसलं. बिनविषाचा कापूस म्हणजे राखलेल्या चवळ्या. अळ्या सगळ्या मारायला गेलो आणि मरतच नव्हत्या त्याच फक्त उरल्या. पण दोन क्षणांत पुन्हा गोंधळ झाला. "पण अळ्यांची पाखरं होतात," मी म्हटलं. "पाखरं तर कुठेही उडून जातील. धुऱ्यावरच्या अळ्या शेतातल्या अळ्यांची जागा कशा अडवतील?"

डॉ. रंगारी इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला जवळ ओढून बसवलं. "अडवतच नाहीत. तिथे दुसरं काहीतरी होतं. सांग बरं, पाखरं काय करतात जे पेशी करत नाहीत?"

मी विचार केला. "लग्न."

बरोबर, त्या म्हणाल्या. विष पचवणारं पाखरू हजारात एखादं असतं. धुऱ्यावर साधी पाखरं भरपूर असली की त्या एखाद्याचं लग्न साध्या पाखराशीच लागतं आणि त्यांची पिल्लं बहुधा विषानं मरतात. साधी पाखरं उरलीच नाहीत, तर विष पचवणाऱ्यांची आपसात लग्नं लागतात आणि सगळं गणगोतच विष पचवणारं होतं. कॅन्सरच्या पेशींची लग्नं होत नाहीत. त्या जागेसाठी आणि अन्नासाठी एकमेकींना रेटतात. म्हणजे शेतात प्रतिरोध विरळ होतो लग्नामुळे आणि शरीरात तो दबून राहतो गर्दीमुळे. कारणं वेगळी, पण दोन्हीकडे चूक एकच. सगळ्यांना मारायला निघालं की जे मरत नाहीत त्यांना मोकळं रान मिळतं.

"ही चूक ओळखायला आम्हालाही फार वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "आणि आता ओळखली, तरी घाई करता येत नाही. एखादा माणूस या पद्धतीनं दहा वर्षं जगतो का, हे बघायला दहा वर्षंच लागतात."

शेवटी मी तो प्रश्न विचारला, जो मला विचारायचा नव्हता. माझ्या वीस गोळ्यांनी काय केलं? आकडा नऊवर आला, म्हणजे ट्रे जवळजवळ रिकामा झाला. मग त्यात आता काळे दाणे वाढत असतील का?

"मला माहीत नाही," डॉ. रंगारी म्हणाल्या.

त्यांनी गोड बोलून मला उगाच धीर दिला नाही, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. काळ्या पेशी सुरुवातीला इतक्या थोड्या असतात की त्या रक्तात सापडत नाहीत. वाट बघायची, एवढंच हातात होतं. आकडा वाढणार हे तर नक्की होतं. तो सेहेचाळीसवर गेला की गोळी सुरू होणार. मग तो उतरला तर वाढलेल्या चवळ्या होत्या. नाही उतरला तर ते उडीद होते.

जाताना त्यांनी मला एक काम सांगितलं. काय केलं, कधी केलं आणि का केलं, हे सगळं माझ्या अक्षरात लिहून द्यायचं. मला वाटलं, शिक्षा आहे. त्या म्हणाल्या, नाही, ही माहिती आहे. अभ्यासातल्या कुणाच्याही ट्रेमधल्या इतक्या चवळ्या आजवर उचलल्या गेल्या नव्हत्या. आता उचलल्या गेल्याच आहेत, तर त्यातून काय होतं हे सगळ्यांना कळलं पाहिजे. मी चार पानं लिहिली. "का केलं" या प्रश्नापाशी पेन बराच वेळ अडला. शेवटी लिहिलं, "मला आबाजी हवे होते."

मार्च सरला. आकडा नऊवरून अकरा, मग चौदा. एप्रिलच्या शेवटी वीस, मेमध्ये तेहतीस. आधी तोच आकडा उतरताना मी नाचले होते, आता तो वाढताना बघत बसायचं होतं. आई कॅलेंडरकडे बघायचीच नाही. आबाजींचं मात्र निराळंच काहीतरी चाललं होतं. त्यांनी इतक्या वर्षांनी कापूस लावायचं ठरवलं होतं. दोन एकर. आईनं विचारलं, आत्ताच हे काय डोक्यात आलं? ते म्हणाले, आता नाही तर कधी?

जूनच्या दुसऱ्या सोमवारी आकडा सेहेचाळीस आला. कंपाउंडरनं चार महिन्यांनी पुन्हा गोळी टाकली. आबाजींनी ती पाण्याबरोबर घेतली आणि शेतावर निघून गेले. मी शाळेत गेले आणि दिवसभर काय शिकवलं ते मला कळलं नाही.

पुढच्या सोमवारी आकडा आला अठ्ठेचाळीस.

मी कॅलेंडरवर लिहिलंच नाही. मागच्या अंगणात गेले आणि रडले, चांगली मोठ्यानं. मीच केलं हे. माझ्या वीस गोळ्यांनी केलं. थोड्या वेळानं आबाजी काठी टेकत आले आणि पायरीवर माझ्याशेजारी बसले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"तू तं वीसच गोळ्या देल्ल्या, माय," ते म्हणाले. "म्या सात सालं पाकिटं फेकली. चूक करनारं मानूस काही वाईट नसते. घाईत असते."

तेवढ्यात आतून कंपाउंडरचा आवाज आला. कुणी विचारलं नसताना तो सांगत होता की औषधाचा परिणाम दिसायला आठवडा कधीकधी पुरत नाही, आणि त्याला स्पृहाची काळजी वाटते. काळजी हा शब्द त्याला कुणी शिकवला, मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात पेरणी झाली. दोन एकर आईच्या ड्रोननं दोन तासांत पेरले. पिशवीबरोबर आलेलं लहान पाकीट आबाजींनी बाजूला काढून ठेवलं होतं. हल्लीच्या ड्रोनला धुऱ्यावरही पेरता येतं, पण आबाजींनी ते पाकीट ड्रोनच्या टाकीत टाकू दिलं नाही. ते त्यांना हातानं पेरायचं होतं. ते काठीनं भोक करत पुढे चालले होते आणि मी मागून दोन दोन बिया टाकत होते. चारही बाजू पूर्ण व्हायला अख्खी सकाळ गेली. अळ्यांच्या वाट्याचं बी मी इतक्या काळजीनं माती सारून झाकत होते, आणि मनात एकच विचार होता. सोमवार.

सोमवारी सात वाजता आबाजींनी बोट दिलं. आई या वेळी पदर तोंडावर धरून तिथेच उभी राहिली. कंपाउंडरचा डोळा हिरवा झाला.

"एक्केचाळीस."

फेब्रुवारीत तेवीस आला तेव्हा मी उड्या मारल्या होत्या. आता मी कॅलेंडर काढलं, राहिलेला अठ्ठेचाळीस लिहिला आणि त्याखाली एक्केचाळीस. औषध लागू पडत होतं. चवळ्याच होत्या त्या. आबाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला चहा मागितला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मी आता बारावीत आहे आणि पुढे काय शिकणार हे वेगळं सांगायला नको. डॉ. रंगारींच्या अभ्यासाचा पहिला अहवाल गेल्या महिन्यात निघाला. त्यात एकतिसाव्या रुग्णापुढे, म्हणजे आबाजींपुढे, एक टीप आहे. "औषध बंद असताना वीस गोळ्या घेतल्या. देणारी : नात." माझ्या चार पानांवरून पुढे एक नियमही तयार झाला. आता औषध थांबवायच्या आधी घरातल्या लहान मुलालाही समोर बसवून अंड्यांच्या ट्रेवर हा खेळ दाखवतात. कुठल्या रुग्णात काळे दाणे किती हळू वाढतात, हे आधीच सांगणारं एक यंत्र नागपूरला तयार होत आहे. ते मी कॉलेजात जाईपर्यंत होईल असं डॉक्टर म्हणतात. मला वाटतं थोडं उशिरा होईल. होऊ दे.

आबाजींचं औषध आजवर पाचदा बंद झालं आणि पाचदा सुरू झालं. आकडा वर जातो, खाली येतो. शून्य तो कधीच झाला नाही. आज सोमवार. बत्तीस आला. मी आकडा लिहीपर्यंत आबाजी यंदाचं लहान पाकीट खिशात घालून धुऱ्याकडे निघालेसुद्धा. मला आता त्यांच्यामागे पळायला हवं.